निरोगी शरीराचे मोजमाप : काही साध्या कसोट्या

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वैद्यकीय तपासणीचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. नोकरीसाठी, वसतिगृहासाठी, विम्यासाठी तो लागतो. त्याच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : अमुक इसम तपासणीअंती निरोगी आढळला. ह्या वाक्याचा नेमका अर्थ एवढाच की, तपासणाऱ्यास त्या दिवशी कोणताही रोग दिसला नाही. ते शरीर काय काय करू शकते, ह्याविषयी दाखला काहीच सांगत नाही. संध्याकाळी डोंबिवली स्थानकाच्या पुलावर दहा मिनिटे उभे राहावे. एकाच वयाची, दोन्ही ‘निरोगी’ अशी दोन माणसे जिना चढून येताना दिसतात. एक सोबत्याशी बोलत बोलत वर येतो. दुसरा मधल्या टप्प्यावर कठडा धरून थांबतो आणि मागून येणाऱ्यांचे धक्के खातो. दोघांच्या दाखल्यांत फरक नाही, पण दोघांच्या शरीरांत मोठा फरक आहे. तो मोजायचा कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ह्या फरकास शास्त्राच्या परिभाषेत कार्यात्मक क्षमता असे म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. रोजचे जगणे आपल्या शरीराकडून जी कामे मागते, ती न दमता, न तोल जाता, आणि थोडी ताकद शिल्लक ठेवून करता येणे, म्हणजे कार्यात्मक क्षमता. दमसास, स्नायूंची ताकद, सांध्यांचा लवचिकपणा आणि तोल हे तिचे चार मुख्य घटक मानतात. पुस्तकात हे चार घटक चार परिच्छेदांत येतात, जगण्यात मात्र ते एकत्रच येतात. कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी आणि पावसाने ओला झालेला जिना अशा स्थितीत उतरणाऱ्या बाईस चारही घटक एकाच क्षणी लागतात. म्हणूनच हृदयाची, स्नायूंची सुटी तपासणी कितीही सूक्ष्म असली, तरी प्रत्यक्ष एखादे काम करावयास लावून ते मोजण्याला स्वतंत्र महत्त्व आहे. ह्या कसोट्यांना यंत्रे फारशी लागत नाहीत. घड्याळ, दोरी, खुर्ची आणि पायरी एवढ्यावर बहुतेक भागते.

मोजण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. तालमीत जोर आणि बैठका गणतीनेच काढतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यांतही संख्येला महत्त्व होते. परंतु संख्या मोजणे वेगळे आणि त्या संख्येवरून शरीराविषयी काही निष्कर्ष काढणे वेगळे. हे दुसरे काम महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामात झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था स्थापन केली, ती योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. पुढे तेथेच डॉ. मनोहर घरोटे ह्यांनी योगाभ्यासाने शारीरिक क्षमतेत काय बदल होतो, हे चाचण्यांच्या आधारे मोजण्याचे काम केले. केंद्र सरकारने १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम काढली. तीत धावणे, उडी, गोळाफेक अशा ठराविक कसोट्या होत्या. अगदी अलीकडे, २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ चळवळीने वयोगटानुसार चाचण्या ठरवून दिल्या आहेत आणि त्यांत तोलासाठी वृक्षासनासारखे आपले आसनही घेतले आहे.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेत हान्स क्राउस आणि सोन्या वेबर ह्यांनी सहा साध्या हालचालींची एक कसोटी बनवली होती. पाठीवर झोपून उठणे, पाय उचलून धरणे, गुडघे न वाकवता वाकून जमिनीस हात लावणे, अशा त्या हालचाली. १९५० नंतरच्या काही वर्षांत ती अमेरिकेतील आणि युरोपातील शाळकरी मुलांना दिली गेली. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले सहापैकी किमान एकीत नापास झाली. युरोपात दहांत एकही नापास होत नव्हता. प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्यापर्यंत गेले आणि १९५६ मध्ये युवकांच्या शारीरिक क्षमतेसाठी एक खास परिषद नेमली गेली. पुढे टीकाकारांनी दाखवून दिले की, बरीचशी मुले ताकदीत नव्हे, तर वाकून जमिनीला हात लावण्यात, म्हणजे लवचिकपणात नापास झाली होती. त्यावरून सारी पिढी दुबळी ठरवणे घाईचे होते. कसोटी फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. वर्तमानपत्रांना मात्र न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही त्यातच सापडतात.

आता प्रत्यक्ष कसोट्यांकडे वळू. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या माणसाची खरी परीक्षा जिन्यावर होते. म्हणून आरंभ जिन्यापासून करतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेत लुसियन ब्रूहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरीची एक चाचणी बसवली. १९४३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा चढायचे आणि उतरायचे, असे पाच मिनिटे. त्यापूर्वी दमल्यास तेथेच थांबायचे. नंतर खुर्चीत बसून नाडी मोजायची. थांबल्यानंतर एक मिनिटाने, दोन मिनिटांनी आणि तीन मिनिटांनी, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट ठोके मोजायचे. चढण्याउतरण्याचे एकूण सेकंद गुणिले १००, भागिले तिन्ही नोंदींच्या बेरजेची दुप्पट, असे सूत्र आहे. समजा, एखाद्याने पूर्ण ३०० सेकंद टिकाव धरला आणि त्याचे ठोके अनुक्रमे ७५, ६० आणि ५० भरले. बेरीज १८५, दुप्पट ३७०. तीस हजारास ३७० ने भागले की ८१ येतात. ८० ते ८९ म्हणजे चांगला, ९० च्या वर उत्कृष्ट, ५५ च्या खाली कमकुवत, असे त्या काळी ठरवले होते.

ह्या चाचणीतील युक्ती मला फार आवडते. माणूस किती जोरात धावला हे ती पाहतच नाही. श्रम संपल्यावर हृदय किती लवकर शांत होते, हे ती पाहते. सराव असलेल्या हृदयाचे ठोके भराभर उतरतात, सराव नसलेल्याचे बराच वेळ चढेच राहतात. दमणे सर्वांनाच आहे. दम ओसरायला किती वेळ लागतो, त्यात माणसामाणसांत भेद आहे. मात्र तिच्यात एक दोषही आहे. २० इंच उंची ही तेथील उंचापुऱ्या तरुण पुरुषांसाठी ठरवलेली होती. पाच फूट उंचीच्या मुलीस त्या बाकावर जवळजवळ गुडघ्याच्याही वर पाय टाकावा लागतो. तिचे हृदय थकण्याआधी मांड्याच थकतात आणि मोजायचे ते राहून जाते. स्त्रियांसाठी बाकाची उंची पुढे कमी करण्यात आली, ती ह्याच कारणाने.

ज्यांना बाकाचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी आपल्या शहरांत तयार सामग्री आहे. लिफ्ट नसलेल्या चार मजली जुन्या इमारती ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली आहेत. स्पेनमधील हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये एक साधे निरीक्षण मांडले : चार जिने, म्हणजे सुमारे ६० पायऱ्या, न थांबता आणि न धावता चढायला किती वेळ लागतो ते पाहा. ४० ते ४५ सेकंदांत चढणाऱ्यांची श्रमक्षमता बसल्या जागी लागणाऱ्या प्राणवायूच्या नऊ ते दहा पटींहून अधिक निघाली. दीड मिनिटाहून अधिक वेळ घेणाऱ्यांची आठ पटींपेक्षा कमी. ही तपासणी हृदयविकाराच्या शंकेने आलेल्या रुग्णांवर केलेली होती, हे विसरून चालणार नाही. निरोगी माणसाने एक मिनिटाची मर्यादा खूणगाठ म्हणून घ्यावी, इतकेच.

ह्यात भौतिकशास्त्राचा थोडा हिशोबही करता येतो. (कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे धाडस केल्याबद्दल विज्ञान शाखेने क्षमा करावी.) पायरी १५ सेंटिमीटर धरल्यास ६० पायऱ्यांची उंची ९ मीटर होते. ६० किलो वजनाच्या माणसास स्वतःला इतके वर उचलण्यास सुमारे ५,३०० ज्यूल इतके काम करावे लागते. ४५ सेकंदांत ते केल्यास साधारण ११८ वॅट, एका मिनिटात केल्यास ८८ वॅट शक्ती झाली. म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी शक्ती आपण पायांनी देत असतो. आपल्या स्थानकांवर आता सरकते जिने आले आहेत आणि वृद्धांची, गरोदर स्त्रियांची त्यांनी मोठी सोय केली आहे. पण विशीतील मुले त्यांच्यासमोर रांग लावून उभी राहतात आणि शेजारचा दगडी जिना मोकळा असतो, हे पाहून गंमत वाटते.

जिन्याच्या खालोखाल महत्त्वाची कसोटी म्हणजे बसणे आणि उठणे. कॅलिफोर्नियातील रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स ह्यांनी १९९९ मध्ये वृद्धांसाठी काही चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यातील एकीत १७ इंच उंचीच्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत छातीवर हातांची घडी घालून बसायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. साठीपुढील माणसांसाठी ती उत्तम आहे. तरुणांस मात्र ती फार सोपी पडते. सर्वांनाच चांगले गुण मिळाले, तर परीक्षेचा उपयोग काय?

आपल्याकडे खुर्चीपेक्षा जमीन जवळची. ब्राझीलमधील डॉ. क्लाउदिओ अराउजो ह्यांची जमिनीवर बसण्या-उठण्याची चाचणी ह्या दृष्टीने आपल्याला फारच सोयीची आहे. अनवाणी उभे राहून, शक्य तितक्या कमी आधाराने जमिनीवर बसायचे आणि तसेच उठायचे. बसण्यास पाच गुण, उठण्यास पाच. हात, कोपर, गुडघा किंवा मांडीवर ठेवलेला हात अशा प्रत्येक आधारासाठी एक गुण वजा, तोल डळमळल्यास अर्धा. २०१२ मध्ये त्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ माणसांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळवणाऱ्यांच्या पाच-सहा पट आढळले. ह्याचा अर्थ आधार घेऊन उठल्याने माणूस मरतो असा नव्हे. ताकद, लवचिकपणा आणि तोल हे तिन्ही एकदम ढासळले की त्याची पहिली खूण जमिनीवरून उठताना दिसते, असा आहे.

मांडी घालून पंगतीत बसणारा, पाटावर जेवणारा, उकिडवे बसून भांडी घासणारा आपला समाज ह्या चाचणीचा रोज सराव करीत होता. आता घराघरांत जेवणाचे टेबल आले, ओटे उंच झाले, शौचालये बदलली. प्रत्येक बदलाने गुडघ्यांना आराम मिळाला, आणि गुडघ्यांचा सरावही गेला. ह्यात सगळेच वाईट झाले असे मी म्हणणार नाही. उकिडवे बसून आयुष्यभर भांडी घासणाऱ्या बाईला गुडघ्यांचे पुराण ऐकवण्याचा अधिकार खुर्चीवर बसणाऱ्यास नाही.

ह्या संदर्भात घरचे एक उदाहरण देतो. माझे वडील बाजारात गोण्या वाहण्याचे काम करतात. पन्नास किलोची गोणी ते पाठीवर सहज घेतात. ही चाचणी मी घरी घेतली, तेव्हा बसताना त्यांना एकाही आधाराची गरज लागली नाही. उठताना मात्र त्यांनी एक हात जमिनीवर आणि दुसरा गुडघ्यावर टेकला. त्यांच्याच वयाचे आमचे शेजारी कचेरीत काम करतात. गोणी त्यांच्याने जागची हलणार नाही, पण ते हात न लावता उठले. मग दोघांत सक्षम कोण? पुस्तकी उत्तर आहे की, दोघांच्या क्षमता वेगळ्या आहेत. मला त्याहून वेगळी एक गोष्ट दिसली. श्रम आणि व्यायाम ह्यांत भेद आहे. व्यायाम करणारा आपल्या मर्जीने थांबतो, दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतो, भार हळूहळू वाढवतो. हमालास ह्यांपैकी एकही मुभा नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी अलीकडच्या काळात ह्याच विरोधाभासाकडे लक्ष वेधले आहे : फावल्या वेळचा व्यायाम प्रकृतीस हितकर ठरतो, पण पोटासाठी केलेल्या जड श्रमाचा तसा लाभ दिसत नाही. ‘त्यांना कशाला हवा व्यायाम, दिवसभर मेहनतच करतात’ असे आपण किती सहजपणे म्हणतो!

श्रमाचा लाभ दाखवणारा अभ्यास नाही, असे मात्र नाही. लंडनच्या बसगाड्यांवरील डॉ. जेरी मॉरिस ह्यांचा १९५३ चा अभ्यास प्रसिद्धच आहे. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. आपल्या ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या परिवहन सेवेतील वाहकास जिना नाही. त्याला मिळते ती गर्दीतून वाट काढण्याची कसरत. तिचा अभ्यास कोणी केला, तर वाचायला मला आवडेल.

मुठीची पकड हे ताकद मोजण्याचे सर्वांत सोपे साधन मानले जाते. त्यासाठी पकडमापक नावाचे लहानसे यंत्र मिळते. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या पकडीचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. पकड पाच किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असे त्यात आढळले. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून हा अंदाज चांगला बांधता आला. हात म्हणजे सर्व शरीराच्या स्नायूंचा नमुना, असे समजावे. यंत्र नसेल तर पाण्याने भरलेल्या दोन बादल्या दोन हातांत धरून किती वेळ उभे राहता येते, हे पाहून स्वतःपुरती नोंद ठेवता येईल. तिची तुलना इतरांशी करता येणार नाही, कारण बादलीची कडी प्रत्येक घरची वेगळी.

पकडीचा विषय निघाला की आपल्या भागातील वाचकाला लोकलचा दांडा आठवणारच. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा ह्यांच्या दरम्यान दोन लोकलगाड्या एकमेकींजवळून जाताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर दारात लटकणाऱ्यांच्या बेपर्वाईची चर्चा पुष्कळ झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करावा. दांड्याला धरून मुंब्र्याचे वळण पार करणे ही कार्यात्मक क्षमतेची कसोटी मानायची काय? मला ते मान्य नाही. रोजच्या कामाला पुरेल इतकी ताकद माणसात हवी, हे खरे. पण जे काम माणसाने करूच नये, त्याला पुरेशी ताकद त्याच्यात नव्हती म्हणून त्याला नापास ठरवता येत नाही. तेथे गाडीची क्षमता मोजायची असते.

तोलाची कसोटी थोडक्यात आटोपते. एका पायावर, दुसऱ्या पायाचे पाऊल पोटरीमागे टेकवून, हात बाजूला सोडून आणि समोर पाहत दहा सेकंद उभे राहायचे. २०२२ मध्ये डॉ. अराउजो ह्यांच्याच गटाने ५१ ते ७५ वर्षांच्या १,७०२ माणसांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचांपैकी सुमारे एकास हे जमले नाही. आपल्या वयाच्या मुलांनी डोळे मिटून करून पाहावे. वर्गातील पुष्कळांचा अभिमान तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच उतरेल.

चालण्याची कसोटी ह्या सर्वांत सौम्य आहे. सहा मिनिटांत सपाट जागेवर, न धावता, जमेल तितके अंतर चालायचे. मूळची ही श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी. १९८२ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चालण्याची तुलना करून सहा मिनिटे पुरेशी असल्याचे दाखवले. २००२ मध्ये अमेरिकेतील वक्षरोग संघटनेने तिचे नियम बांधून दिले : ३० मीटरची सरळ पट्टी, दोन टोकांना खुणा, वळून परत येणे, थांबावेसे वाटले तर थांबण्याची मुभा. दोरीने मोजून कोणत्याही मैदानावर हे करता येते. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो : बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. सहा मिनिटांत तिच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ५०० मीटर चालणे झाले.

परंतु येथेच एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. किती अंतर म्हणजे पुरेसे? वय, उंची आणि वजन घालून अपेक्षित अंतर काढण्याची सूत्रे अमेरिकेत १९९८ मध्ये तयार झाली. ती भारतातील निरोगी माणसांस लावून पाहिली, तेव्हा अपेक्षित अंतर आपल्या लोकांच्या प्रत्यक्ष चालण्याहून जास्त निघाले. मग येथील संशोधकांनी भारतीयांसाठी वेगळी सूत्रे बनवली. उसन्या मापाने मोजल्यास निरोगी माणूसही कमी भरतो, हे हार्वर्डच्या बाकापासून आपण पाहतच आलो आहोत. म्हणून माझ्या मते ह्या साऱ्या कसोट्यांचा खरा उपयोग माणसाची तुलना त्याच्याशीच करण्यात आहे. गेल्या वर्षी ६० पायऱ्यांना ५० सेकंद लागत होते, आज ७० लागतात, आणि मधे आजार नाही, तर हे वीस सेकंद कोठून आले हे शोधायला हवे. शेजाऱ्याला ४० लागतात, ह्या माहितीने काही साधत नाही.

कसोटीचा वापर आरशासारखा न होता चाळणीसारखा झाला की तिचे स्वरूप बदलते. ह्याचे उदाहरण आपल्या मित्रांतच आहे. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आपल्यापैकीच आहेत. शिपाई पदासाठी शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटरसाठी १५, गोळाफेकीसाठी १५. एका सेकंदाने गुण जातो आणि गुणाने नोकरी जाते. पूर्वी पुरुषांना पाच किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत त्या धावण्याच्या वेळी काही तरुण उमेदवारांचे प्राण गेले. पुढे अंतर कमी करण्यात आले. ही मुले दुबळी होती असे कोण म्हणेल? प्रवासाचा शीण, अपुरी झोप, रिकामे पोट, दमट उकाडा आणि ‘थांबलो तर संपलो’ ही भीती एकत्र आली. सहा मिनिटांच्या चालण्यात थांबण्याची मुभा लिहून दिलेली असते. भरतीच्या धावण्यातही कोणी अडवत नाही, पण थांबणाऱ्याची नोकरी तेथेच संपते. चाचणी घेणाऱ्याने मोजपट्टीबरोबर पाणी, सावली आणि डॉक्टर ह्यांची व्यवस्था ठेवावी, असे मला ह्यासाठी वाटते.

कोणास ह्या कसोट्या करून पाहावयाच्या असतील, तर काही पथ्ये पाळावीत. छातीत दुखणे, चक्कर, धाप ह्यांची तक्रार असलेल्याने किंवा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज जिन्याच्या वाटेस जाऊ नये. जेवणानंतर दोन तास, चहानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. ज्या वेळी, ज्या पायरीवर, ज्या चपलांनी किंवा अनवाणी पहिली नोंद घेतली, त्याच स्थितीत पुढची घ्यावी. नाहीतर बदल शरीराचा की चपलेचा हे कळत नाही. पहिली खेप नोंदीत धरू नये, कारण दुसऱ्या खेपेस माणूस केवळ सवयीने सुधारतो. नाडी मनगटावर अंगठ्याने पाहू नये, दोन बोटांनी पाहावी. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात.

आपल्या जिमखान्याने वर्षारंभी आणि वर्षाअखेर अशा दोन नोंदी इच्छुकांच्या घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. नोंद विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची, कार्यालयातील मंडळींची आणि शिपायांचीही असावी. गुणानुक्रम लावू नये. प्रत्येकाची वही प्रत्येकाकडे राहावी. खर्च म्हणाल तर दोरी आणि खडू. बाकाचा प्रश्न तेवढा आहे, कारण जिमखान्यातील बाक डगमगतो. ग्रंथालयाबाहेरचा दगडी कट्टा मी पट्टीने मोजला आहे. तो १८ इंच भरतो.